महापेच्या वेब होस्टिंग कंपनीत लिनक्स सपोर्टची ऑफर आहे, घ्यावी का? तिथलं वातावरण कसं असतं? आणि कंपनी उद्या विकली जाईल का?

घ्या. फक्त पहिल्या पायरीवर किती काळ थांबायचं हे आधीच डोक्यात ठेवा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: नांदेडहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा, नवी मुंबईतल्या महापे एमआयडीसीतली एक झपाट्याने वाढणारी होस्टिंग कंपनी (म्हणजे लोकांच्या वेबसाइट आणि मेल आपल्या सर्व्हरवर चालवणारी), चोवीस तास फिरत्या पाळ्या आणि 'आमच्याकडे कुटुंबासारखं वातावरण आहे' असं सांगणाऱ्या एचआर मॅडम. ऐरोली ते महापे या पट्ट्यात मी दोन होस्टिंग कंपन्या पाहिल्यात. सपोर्टच्या चॅटवर सुरुवात केली, आता सर्व्हर टीममध्ये आहे. तुमची कंपनी कोणती ते माहीत नाही, पण धंदा एकच असल्यामुळे दुखणीही बरीचशी सारखीच असतात.

या धंद्यात वाढ कशी होते ते आधी बघा. ग्राहक वर्षाचे, कधी तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरतो. पहिलं वर्ष ऑफरमध्ये स्वस्त, रिन्यूअल महाग. सेल्सवाल्यांनी महिना गाजवला की पैसे आज खात्यात येतात आणि त्या ग्राहकांची टिकटं, म्हणजे तक्रारी, पुढची तीन वर्षं येत राहतात. नवा सर्व्हर भाड्याने घ्यायला एक-दोन दिवस पुरतात. सपोर्टचा माणूस तयार व्हायला चार-सहा महिने जातात, आणि तयार झाला की त्याला दुसरीकडची ऑफर आलेली असते. मधली तूट रात्रपाळीतली पोरं भरून काढतात. कंपनी जितकी वेगाने वाढते तितकी ही तूट मोठी, आणि तिथलं 'कल्चर' म्हणजे ही तूट कोणाच्या झोपेतून वसूल होते ते. कॅरमबोर्ड आणि शुक्रवारचा पिझ्झा दोन्ही कंपन्यांत होता, त्यावरून काहीच ठरवू नका.

शेअर्ड होस्टिंग हे चाळीच्या गच्चीवरच्या सामायिक टाकीसारखं असतं. एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात. त्यातल्या कुणीतरी वर्डप्रेसचं जुनं प्लगइन तसंच ठेवलेलं असतं, त्यातून कुणीतरी आत शिरतं, स्पॅम सुटतो, आणि सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅमहाऊससारख्या काळ्या यादीत जातो. मग दादरच्या टूर ऑपरेटरचं कोटेशनचं मेल बाउन्स होतं, ज्याचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही. तो चॅटवर येतो, चिडलेला असतो, आणि समोर तुम्ही असता. एल-वनचं, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीचं काम बरंचसं हेच: डोमेन संपलेलं असतं आणि ग्राहक म्हणतो साइट डाउन आहे, नेमसर्व्हर (डोमेन कुठल्या सर्व्हरवर न्यायचं ते सांगणारा) बदलून दहा मिनिटंही झालेली नसतात आणि तो म्हणतो अजून का दिसत नाही, 'आमचा वेबसाइटवाला फोन उचलत नाही, पासवर्ड त्याच्याकडेच आहे'. हे शेवटचं तर रोज.

म्हणून होकार देण्याआधी पहिला प्रश्न हा विचारा: एका वेळी एका माणसाला किती चॅट घ्यावे लागतात, आणि रात्री क्यूवर, म्हणजे चॅटच्या रांगेवर, किती जण असतात? दोन-तीन चॅट जमतात. त्यापुढे माणूस वाचत नाही, तयार उत्तरं चिकटवत सुटतो. समोरच्याने आकडा सांगितला तर चांगलं. 'आम्ही सगळे मिळून सांभाळून घेतो' असं उत्तर आलं तर समजायचं की मोजणारं कुणी नाही.

दुसरा प्रश्न थोडा आडून विचारावा लागतो: मागचा मोठा आउटेज, म्हणजे सेवा बंद पडणं, कधी झाला आणि त्यानंतर काय बदललं? जाहिरातीत ९९.९ टक्के अपटाइम, म्हणजे सर्व्हर चालू राहण्याची वेळ, लिहिलेला असतो. ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ जेमतेम ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. एक डिस्क गेली, रेड (अनेक डिस्कची जोडणी) रीबिल्ड व्हायला लागलं की सगळा सर्व्हर रांगतो आणि ती ४३ मिनिटं कधी उडून जातात कळत नाही. आउटेज प्रत्येकाकडे होतात, जो नाही म्हणतो तो खोटं बोलतो. बघायचं असतं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

माझ्या पहिल्या कंपनीत एका नव्या मुलाने रात्री चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस रीस्टार्ट केला. दोन्ही सर्व्हरची नावं एका अंकाने वेगळी, दोन्ही खिडक्या काळ्या, वेळ पहाटेची. वीस-पंचवीस मिनिटं ग्राहकांची ऑनलाइन दुकानं बंद. सकाळी मालकांचं मेल आलं, त्या मुलाच्या नावासकट, सगळ्या कंपनीला सीसी. नंतर जे झालं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये आलं नाही. रात्री कुणी कशाला हात लावेना. साधी सर्व्हिस रीस्टार्ट करायची तरी सीनियरला झोपेतून उठवायचं, त्याने 'कर' म्हणेपर्यंत ग्राहकाला 'आमची टेक्निकल टीम पाहत आहे' सांगत बसायचं. टिकटं तुंबली, सीनियर वैतागून सोडून गेले, आणि मॅनेजमेंटला वाटलं की नवी पिढी जबाबदारी घेत नाही. दुसऱ्या कंपनीत जवळपास असाच घोळ झाला तेव्हा आठवड्याभरात सगळ्या चालू सर्व्हरच्या प्रॉम्प्टला (जिथे कमांड टाइप करतो त्या ओळीला) लाल रंग आला आणि नावं बदलली. कुणी केलं होतं हे टीमबाहेर आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. पगार दोन्हीकडे उन्नीस-बीस होता. तरी पहिल्या कंपनीतले आम्ही जवळजवळ सगळे बाहेर पडलो.

तिसरी गोष्ट विचारायची नाही, नुसती ऐकायची: गणपतीचं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक. नवी मुंबईतल्या कुठल्याही सपोर्ट टीममध्ये पाच-सहा जण तरी कोकणातले निघतात आणि त्या सगळ्यांना एकाच आठवड्यात गावी जायचं असतं. अमेरिकेतल्या ग्राहकाला गणपती ठाऊक नसतात. चांगला लीड महिना-दीड महिना आधी पाटी लावतो, ईदला-छठला सुट्टी घेणाऱ्यांशी अदलाबदल जुळवतो, यंदा थांबला त्याला पुढच्या वर्षी पहिली निवड देतो. वाईट ठिकाणी तुतारी एक्सप्रेसची तिकिटं काढून झाल्यावर रजा नामंजूर होते. चहाच्या टपरीवर कंपनीची आयडी गळ्यात घातलेली मुलं दिसली तर सहज विषय काढा, पाच मिनिटांत सगळं कळेल. दिवाळी आणि नोव्हेंबरअखेरची ब्लॅक फ्रायडे सेल यांचंही तसंच. सेल म्हणजे नव्या ग्राहकांचा लोंढा, त्या आठवड्यात रजा मिळत नाही हे जवळपास सगळीकडे गृहीत असतं. निदान त्याचा कॉम्प-ऑफ (बदली रजा) खरोखर घेता येतो का तेवढं पाहा.

आता शिकण्याबद्दल, कारण मी 'घ्या' म्हणाले ते त्यासाठी. होस्टिंगमध्ये दोन वर्षांत जेवढं लिनक्स हाताखालून जातं तेवढं मोठ्या आयटी कंपनीत बेंचवर (प्रोजेक्टविना) बसून पाच वर्षांत जात नाही. डीएनएस, मेल, एसएसएल, मायएसक्यूएल, बॅकअप, सगळं खऱ्या ग्राहकाच्या खऱ्या पैशांवर. शिवाय या धंद्याला बाहेरून सतत धक्के बसतात आणि प्रत्येक धक्का शिकवून जातो. २०१९ च्या जूनमध्ये सीपॅनेलने (होस्टिंग खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर) लायसन्सचा हिशोब सर्व्हरवरून खात्यांच्या संख्येवर नेला. त्याआधी एका सर्व्हरवर जितकी खाती कोंबाल तितका फायदा, नंतर प्रत्येक मेलेल्या खात्याचेही पैसे भरायचे. आम्ही कित्येक रात्री बंद पडलेली खाती शोधून साफ करण्यात घालवल्या आणि 'आमचे इतके हजार ग्राहक' हा सेल्सचा आवडता आकडा अचानक आखडला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ या सर्व्हरवरच्या लिनक्सचा आधार (अपडेट) २०२९ ऐवजी २०२१ च्या अखेरीसच संपणार. मग त्याच्या जागी आलेल्या अल्मालिनक्सकडे स्थलांतर आलं, तेही ग्राहक झोपलेला असताना. ज्यांनी ती स्थलांतरं केली त्यांना आज मुलाखतीत फार बोलावं लागत नाही.

२०२० मध्येच, १२ ऑक्टोबरला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज गेली होती. डेटा सेंटरं जनरेटरवर व्यवस्थित चालू राहिली. घरून काम करणारे आम्ही मात्र अंधारात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लॅपटॉपची बॅटरी मोजत. सर्व्हरसाठी दुहेरी-तिहेरी सोय आणि माणसांसाठी काहीच नाही, हे त्या दिवशी आमच्या कंपनीच्या लक्षात आलं आणि ऑन-कॉलवाल्यांना (गरज पडली तर घरून काम करणाऱ्यांना) इन्व्हर्टरचा खर्च मिळायला लागला. वाढणाऱ्या कंपनीत अशा गोष्टी मागितल्यावर मिळतात, हा तिचा एक फायदाच. मोठ्या कंपनीत त्यासाठी तीन मंजुऱ्या लागल्या असत्या.

रात्रपाळीबद्दल एक कायद्याची गोष्ट. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते, आणि लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. पहाटे दोनला कुणी सर्व्हरमध्ये शिरलंय असं दिसलं तर ऑफिस उघडेपर्यंत मुदत संपलेली असते. तेव्हा रात्री निर्णय घ्यायचा अधिकार कुणाला आहे, त्याचा नंबर कुठे लिहिलाय, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. आणि मुली हे उत्तर वाचत असतील तर त्यांच्यासाठी: महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्रपाळीसाठी स्त्रीची संमती आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय, दोन्ही आहेत. 'स्टेशनपर्यंत सोडतो' म्हणजे सोय नव्हे. मी यावरून भांडले आहे आणि गाडी मिळाली आहे.

बढतीचं म्हणाल तर वेगाने वाढणाऱ्या कंपनीत पहिल्या दोन पायऱ्या पटकन मिळतात, कारण वरची माणसं गळत असतात. धोका असा की जो चॅटवर हुशार तो चॅटवरच अडकतो. त्याला सोडायला लीड तयार नसतो, 'तू गेलास तर सीसॅट (ग्राहकांच्या समाधानाचा आकडा) पडेल' म्हणतो. म्हणून वर्षाच्या आत एल-टूच्या, म्हणजे पुढच्या पायरीच्या, कामात हात घाला. मायग्रेशनच्या, म्हणजे स्थलांतराच्या, रात्री स्वतःहून मागून घ्या, सर्व्हरची कामं आपोआप करायला बॅश आणि अॅन्सिबल शिका, रोज तीनदा येणारं टिकट स्क्रिप्टने सुटेल असं काहीतरी करून दाखवा. दोन अप्रेझल झाली आणि तुम्ही अजून पासवर्डच रीसेट करताय, असं असेल तर हलायची वेळ झाली.

कंपनी उद्या विकली जाईल का, हाही तुमचा प्रश्न होता. जाऊ शकते, होस्टिंगमध्ये ते नेहमीचं आहे. शरद संघींनी १९९८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या नेटमॅजिकमधला मोठा हिस्सा २०१२ मध्ये जपानच्या एनटीटीने घेतला. तुरखिया बंधूंच्या डायरेक्टीचे बिगरॉक, रिसेलरक्लब हे ब्रँड २०१४ मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्सकडे गेले. विक्रीनंतर पॅनेल, पद्धती, साहेब सगळं बदलू शकतं. पण सर्व्हर चालवणारा माणूस या पट्ट्यात सहसा रिकामा राहत नाही. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि ऐरोली, रबाळे, महापे भागात एकामागून एक डेटा सेंटरं उभी राहिली आहेत, एका कंपनीतून निघालात तर दुसरी रिक्षाच्या अंतरावर असते.

राहायचं म्हणाल तर घणसोली किंवा कोपरखैरणे. दोन्हीकडे शेअरिंगमध्ये खोल्या मिळतात आणि महापेला जायला रिक्षा-बस आहे. ठाण्यात स्वस्त खोली सापडली तरी सुरुवातीला नको, कारण ट्रान्स-हार्बरची शेवटची लोकल चुकली की रात्रीचा प्रवास महागात पडतो. खोली घेताना खिडकीला जाड पडदा लावता येतो का आणि खाली दिवसभर बांधकाम चालू नाही ना, हे बघा. दिवसा झोपायचंय तुम्हाला.

ऑफर लेटरमध्ये तीन गोष्टी वाचा: नोटीस पीरियड, रात्रपाळीचा भत्ता आणि बाँड (ठरावीक काळाआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार). भत्ता तोंडी सांगितला असेल तर मेलवर मागा. बाँड असेल तर रक्कम आणि मुदत नीट बघून मगच सही करा. आणि 'ओरिजिनल मार्कशीट जमा करा' म्हणाले तर सरळ नाही म्हणा, पडताळणीसाठी दाखवायची आणि परत घ्यायची. झेरॉक्स ठेवून घेऊ देत.