दिवाडी बेटावर राहून रोज फेरीबोटीनं कार पणजीला नेणं जमतं का?

जमतं, पण रोज कारच न्यायची असा हट्ट धरू नका. तुम्ही लिहिलंय की पणजीत नोकरी लागलीय, दिवाडीत जुनं घर भाड्यानं मिळतंय, आईवडील सोबत येणार, तर रोज कारनं ये-जा होईल का आणि तिथं अजून पूल का नाही. माझं सासर दिवाडीचं, मी आणि नवरा दोघंही कामाला पणजीला जातो, मुलं ह्याच बोटीनं शाळेत जाऊन मोठी झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी घरमालकाला विचारा की घराला जवळचा धक्का कुठला. बेटावरून एक बोट जुने गोव्याला जाते, एक सां पेद्रूला म्हणजे रायबंदर-जुने गोवे रस्त्यावर, आणि तिसरी मागच्या बाजूनं नार्व्याला, म्हणजे डिचोलीच्या दिशेला. पणजीला पहिल्या दोनच कामाच्या. नार्व्याची बोट तुमच्या ऑफिसच्या उपयोगाची नाही पण मला ती फार आवडते, कारण सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ आमच्या दिवाडीत होतं, पोर्तुगीजांनी पाडलं, मग देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. घरी कोणी आलं की आम्ही त्यांना त्या बोटीनं देवदर्शनाला नेतो.

आता कारचं. नदी ओलांडायला पाच-सात मिनिटंच लागतात, वेळ जातो तो रांगेत. बोट लहान, गाड्या मोजक्याच मावतात, त्यात सकाळी ऑफिस आणि शाळेच्या टायमाला दुचाकीवाले भसाभस आत शिरतात आणि उरलेल्या जागेत कार बसवायच्या. एक बोट चुकली की पुढची येऊन रिकामी होऊन भरेपर्यंत थांबा, आणि एवढं करून पलीकडे गेलात की रायबंदरचा अरुंद रस्ता आणि तिथलं ट्रॅफिक आहेच. म्हणून इथले बरेच जण स्कूटर नेतात, किंवा चालत बोटीत चढतात आणि जुने गोव्याच्या गांधी सर्कलवरून पणजीची बस पकडतात. आम्ही कार पलीकडेच लावतो, पाऊस जोरात असला किंवा सामान असलं तरच बेटावर आणतो. तुम्हीपण तेच करा असं माझं मत, एका पेट्रोलच्या टाकीइतका मनस्ताप तरी वाचेल.

खर्चाची काळजी नको. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, कारला थोडे पैसे पडतात. दुचाकीला तिकीट लावायचं २०२३ मध्ये ठरलं होतं, त्यावर बेटांवरची माणसं एवढी चिडली की तो निर्णय मागे पडला, आणि चिडणं बरोबरच होतं, पणजीतल्या माणसाला घराबाहेरच्या रस्त्यावर पाय ठेवायला कोणी पैसे मागतं का? आमचा रस्ता हाच आहे.

गाडी चढवायची सवय मात्र करून घ्यावी लागेल. मांडवीला इथं भरती-ओहोटी असते, त्यामुळे धक्क्याचा उतार रोज वेगळा वाटतो. पूर्ण ओहोटीला बोट खाली बसलेली असते, उतार उभा होतो, बुटक्या कारचा पुढचा बंपर रॅम्पच्या कडेला घासतो. खलाशी समोर उभा राहून हातानं बोलावत असतो, "मुखार घे, मुखार घे" म्हणजे पुढे घे, आणि पुढच्या स्कूटरच्या मडगार्डला आपली नंबरप्लेट टेकेल असं वाटायला लागलं की बोनेटवर तळहात मारतो, तेव्हा थांबायचं. त्याच्याकडेच बघायचं, आरशात नाही. थांबलात की हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन बंद. रात्री हेडलाइट आठवणीनं बंद करा, बोट चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही. काचा खाली आणि सीटबेल्ट काढलेला, हे मी पाहुण्यांनासुद्धा सांगते. गाडी पाण्यात गेल्याच्या बातम्या गोव्यात अधूनमधून येतात, आणि आईवडिलांना तर सरळ गाडीतून उतरवून बाजूच्या बाकड्यावर बसवा, वारापण लागतो.

पावसात वेगळं. धक्क्यावर शेवाळ धरतं, स्कूटर घसरतात, पाण्याला ओढ असते, वरून जलपर्णी वाहून येते, बोट जपून न्यावी लागते आणि सगळंच लांबतं. ऑफिसात आधीच सांगून ठेवा. ऑगस्टात बोंदेरा म्हणजे बेटावरचा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या शनिवारी कार नदीपलीकडे न्यायचा विचारसुद्धा करू नका, सगळा गोवा बेटावर आलेला असतो.

पुलाचं विचारलंत. त्यावर घराघरात दोन मतं आहेत, आमच्या घरातपण. जुने गोव्याच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हॉइसरॉयच्या कमानीखालून जातो, आजूबाजूला १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेली चर्च, त्यामुळे पूल उतरवायचा कुठं हा प्रश्न आहेच. कोकण रेल्वे आमच्या बेटावरून जाते पण थांबत नाही, तिच्या पुलाचा आम्हाला उपयोग शून्य. मला स्वतःला पूल नकोय, कारण पूल झाला की खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून नदीचं खारं पाणी अडवलेल्या शेतांच्या कडेनं प्लॉट पडायला वेळ लागणार नाही, ते इतर ठिकाणी बघितलंय. सासूबाईंचं म्हणणं उलट, रात्री माणूस आजारी पडला तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पोचवायचं कसं? त्यांचं चूक आहे असं मी म्हणूच शकत नाही. फक्त पूल म्हणजे कायमची सोय हेपण खरं नाही, ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा पणजी आणि नदीपलीकडच्या बेतीची सगळी ये-जा परत ह्याच फेरीबोटींवर आली होती, आणि नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं.

माझी मागणी वेगळी आहे, रात्रभर एक तरी बोट खात्रीनं हवी आणि मोठ्या बोटी हव्यात. शेजारच्या चोडण बेटाला २०२५ च्या जुलैत रायबंदरहून गंगोत्री आणि द्वारका अशा दोन रो-रो, म्हणजे जास्त गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटी सुरू झाल्या, एका फेरीत जुन्या बोटीच्या कितीतरी जास्त गाड्या जातात. तशी एक दिवाडीला आली तर निम्मं भांडण मिटेल.

तुमच्या बाबतीत आईवडिलांची तब्येत कशी आहे त्यावर ठरवा. नियमित दवाखान्यात न्यावं लागत असेल तर सां पेद्रू किंवा जुने गोव्याच्या धक्क्यापासून चालत जाता येईल असंच घर बघा, शेवटची बोट किती वाजता सुटते ते आणि रात्री अडचण आली तर कोणाला फोन करायचा ते धक्क्यावरच विचारून घ्या. आणि अकरा महिन्यांचा करार करायच्या आधी जुलैमधे दोन आठवडे राहून बघा, डिसेंबरात बघायला येऊ नका, डिसेंबरात सगळ्यांनाच दिवाडी आवडते.