आईला (७२) कमी ऐकू येतं आणि हल्ली ती दोनदा पडली. याचा काही संबंध असेल का? कानाचं मशीन घेतलं तर पडणं थांबेल का?

संबंध असतो. तुमच्या घरात "वय झालं की पडायचंच" म्हणणारं जे कोणी असेल, त्यालाही हे वाचायला द्या.

आमच्याकडे ते काम दादाकडे आहे. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर, खाली शहाबादी फरशी. वहिनी फरशी पुसत होती आणि अण्णा मागच्या दारानं आत आले. "अण्णा, थांबा, ओलं आहे!" ती ओरडली. शेजारच्या काकूंना ऐकू गेलं, अण्णांना नाही. खुब्याचं हाड मोडलं, मिरजेत ऑपरेशन झालं. पुढे भेटायला येणारा प्रत्येक जण वहिनीलाच विचारायचा, "अगं, सांगायचं नाही का त्यांना?" दादाही त्यातच. मी तिची नणंद. आमचं दोघींचं काही फार गूळपीठ नाही, पण हे ऐकून माझं डोकं फिरायचं. तिनं सांगितलं होतं हो! अण्णांचे कान तपासा म्हणून मी आधीपासून दादाच्या मागे लागले होते. टीव्ही गल्लीभर ऐकू यायचा. त्याचं उत्तर ठरलेलं, "ऐंशीला आले, आता काय मैफली ऐकायच्यात?" मशीन महाग वाटलं, ऑपरेशनचं बिल मात्र निमूट भरलं.

आता कारण. ऐकण्याचा भाग आणि तोल सांभाळणारा भाग दोन्ही आतल्या कानात शेजारीशेजारी असतात, त्यामुळे कधी कधी दोन्ही एकदमच बिघडतात. पण तेवढंच नाही. मागून आलेली गाडी, स्वतःच्या पावलांचा आवाज, कुणी मारलेली हाक, यावरूनही आपण सावध होत असतो. शिवाय समोरच्याचं बोलणं समजून घेण्यातच मेंदू गुंतला की पायांकडे लक्ष कमी राहतं. अमेरिकेत फ्रँक लिन आणि लुईजी फेरुची या संशोधकांनी २०१२ साली ४० ते ६९ वयाच्या २,०१७ लोकांची माहिती तपासली. २५ डेसिबल, म्हणजे सौम्यच, ऐकू कमी येणाऱ्यांमध्ये पडल्याचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं. पुढच्या दर १० डेसिबलला ते १.४ पटीनं वाढत गेलं. म्हणजे ठार बहिरं व्हायची वाट बघायची नसते. दादाला हे दाखवलं तर म्हणाला, "ते अमेरिकेतलं."

तुम्ही आधी कान-नाक-घसावाल्यांकडे जा. कधी कधी नुसता मळच असतो. नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं ते मोजायची तपासणी, करा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं असेल, तर त्याच दिवशी जा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत उत्पन्नाच्या अटीवर ६५ वर्षांवरच्यांना साधनं घ्यायला ३,००० रुपये मिळतात, त्या साधनांच्या यादीत श्रवणयंत्रही आहे. चांगलं डिजिटल मशीन तेवढ्यात येत नाही, तरी अर्ज करा.

आणि हो, हा संबंध आहे म्हणजे कानामुळेच पडल्या असं नव्हे. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, मधुमेहानं बधिर झालेले पाय, उठताना येणारी चक्कर, हेही डॉक्टरांना विचारा. मशीननं पडणं थांबेलच अशी खात्री कुणी देऊ नये. बाथरूममध्ये धरायला दांडी लावाच.

मशीन घेतलंत तर सुरुवातीला भांड्यांचा आवाजही बोचतो, म्हणून म्हातारी माणसं ते डबीत ठेवून देतात. पुन्हा नेऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं. अण्णा मशीन देवघरात ठेवतात, दादा म्हणतो, "बघ, मी सांगितलं होतं." सेटिंगला ने म्हटलं की मात्र त्याला दुकान असतं. शेवटी वहिनीच घेऊन जाते.