जपानकडे ना लोखंड, ना तेल, कोळसाही जेमतेम. मग महायुद्धानंतर तो एवढा श्रीमंत कसा झाला?

जपानने बाहेरून आणलेल्या लोखंडातलं थोडं आमच्याकडून जायचं, म्हणून लिहायला बसलो.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. घरासमोरून खाणीचे ट्रक जायचे, त्यामुळे शाळेचा पांढरा शर्ट महिन्याभरात तांबूस व्हायचा. लोहखनिजाचा माल आमोण्याच्या धक्क्यावर बार्जमध्ये, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू बोटीत, पडायचा, मांडवीतून मुरगावला जायचा आणि तिथून जहाजाने बराचसा जपानला. पोर्तुगीज असल्यापासून हे चालत आलेलं. माझे थोरले काका बार्जमालक. दर चतुर्थीला त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "जपान्याकडे आहे काय? आमची माती नसती तर उपाशी मेला असता." मी मरीन इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा त्यांनी बाबांना सगळ्यांसमोर सुनावलं, की घरचा धंदा सोडून पोराला लोकांच्या जहाजावर राबायला पाठवतोस. बाबा शाळामास्तर, ते गप्प बसले. मला ते अजून विसरता आलेलं नाही.

1993 मध्ये मी फोर्थ इंजिनिअर म्हणून एका खनिजवाहू जहाजावर होतो आणि आम्ही मुरगावलाच माल भरला. अठरा दिवसांनी टोकियोच्या उपसागरात चिबाच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्याला लागलो. ग्रॅबने, म्हणजे क्रेनच्या पंजाने, माल उपसला, मग जहाजाच्या मालकोठीच्या तळाशी छोटा डोझर उतरवला. शेवटी चार माणसं फावडी आणि झाडू घेऊन खाली उतरली आणि फ्रेमच्या खाचांत अडकलेला माल खरवडून काढू लागली. मी वरून बघत होतो. आमोण्याला ढोपरभर माल धक्क्यावर सांडलेला असायचा आणि पहिल्या पावसात नदीत जायचा. तीच ही लाल माती.

लोक म्हणतील, बघा, शिस्त! मला तसं वाटत नाही. झाडूपेक्षा मोठी गोष्ट मागे उभी होती. जहाजापासून माल वाहून नेणारा पट्टा थेट ढिगाकडे, ढिगाकडून भट्टीकडे, आणि तयार पोलाद दुसऱ्या धक्क्यावरून पुन्हा जहाजात. मध्ये रेल्वे नाही, घाट नाही, ट्रक नाही. समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीवर त्यांनी कारखाने बसवले. चिबाची पहिली झोतभट्टी 1953 मध्ये पेटली, पुढे वर्ल्ड बँकेचं कर्जही मिळालं. खाण स्वतःची नसल्यामुळे जगात जिथे स्वस्त आणि चांगला माल मिळेल तिथून ते घेऊ शकत होते, फक्त जहाजं मोठी हवीत आणि बंदर खोल हवं. तेवढं त्यांनी केलं.

आणि हे आपोआप झालं नाही. युद्ध संपल्यावर सरकारने ठरवून तुटपुंजा कोळसा आधी पोलादाला आणि पोलाद आधी कोळशाच्या खाणींना दिलं. कुळांना जमिनी मिळाल्या. 1949 मध्ये डॉलरचा भाव 360 येन बांधला गेला, आणि त्याच वर्षी आलेलं व्यापार-उद्योग मंत्रालय, ज्याला मिटी म्हणतात, परदेशी चलन कुठल्या यंत्रावर खर्च व्हायचं ते ठरवू लागलं. 1950 मध्ये पोलाद सुमारे 50 लाख टन निघालं, 1973 मध्ये जवळजवळ 12 कोटी टन. "जपानी रक्तातच आहे" म्हणणाऱ्यांनी हे आकडे रक्तातून काढून दाखवावेत.

नशीबही होतं, हे सांगायला हवं. 1950 मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्याच्या ऑर्डरी जपानला मिळाल्या. अमेरिकेची बाजारपेठ उघडी होती, संरक्षणाचा मोठा भार तिनेच उचलला. भारताने जपानशी केलेल्या 1952 च्या तहात युद्धाची नुकसानभरपाई सोडून दिली. 1958 मध्ये जपानने पहिलं येन कर्ज दिलं ते भारतालाच. आणि किंमतही मोजली: मिनामाताचा आजार 1956 मध्ये उघड झाला, पण तो कारखान्याने समुद्रात सोडलेल्या आणि मासळीत उतरलेल्या पाऱ्यामुळे झाला हे सरकारने मान्य केलं 1968 मध्ये. तेवढी वर्षं लोक ती मासळी खात राहिले. ते कुणी आदर्श म्हणून सांगू नये.

आता काकांकडे येतो. त्यांच्या घरात एकाच्या तीन बार्ज झाल्या, पण इंजिन बिघडलं की मेकॅनिक वास्कोहून यायचा, शेवटपर्यंत. पोरांपैकी कुणाला ते काम शिकवलं नाही, कारण माल होता तोवर गरज पडली नाही. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि तिन्ही बार्ज धक्क्याला बांधलेल्या गंजल्या. चुलतभाऊ अजून म्हणतो की खाणी पूर्ण जोरात सुरू झाल्या की सगळं पूर्वीसारखं होईल. मी त्याला म्हटलं, मुलगी बारावी झालीय ना, तिला मेटलर्जीला, म्हणजे धातूंच्या इंजिनिअरिंगला, घाल, पैसे मी देतो. "मुलीच्या जातीला भट्टीवर कोण घेणार?" म्हणाला. फॉर्म मी आणून ठेवलाय, तिने तो भरलाही आहे. सही तेवढी त्याची राहिलीय.