डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडची १९९९ ची लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतची कॉन्सर्ट फिल्म पाहण्यासारखी आहे का? आणि मूळचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर नसताना तिला खरी डीप पर्पल म्हणायचं का?

बघा, नक्की बघा. ब्लॅकमोरचं नंतर बोलू. आधी त्या फिल्ममध्ये मागे बसलेल्या लोकांबद्दल बोलतो, कारण त्यांच्याबद्दल कधीच कुणी विचारत नाही आणि मी त्याच जमातीतला आहे.

मी व्हायोलिन वाजवतो. तेही सेकंड व्हायोलिन. काही वर्षांपूर्वी पुण्यात नव्वदच्या दशकातल्या एका कॉलेज बँडने पुन्हा एकत्र यायचं ठरवलं. केस गेलेले, पोटं सुटलेली, पण हौस दांडगी. पोस्टरवर ‘या वेळी ऑर्केस्ट्रासह’. ऑर्केस्ट्रा म्हणजे आम्ही मूठभर व्हायोलिनवाले आणि दोन चेलो. गिटारवाला माझा जुना मित्र, म्हणून मी हो म्हटलं. साउंडचेकला त्याने गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा स्पीकर) थेट आमच्या पाठीशी लावला. चेलोवाली मुलगी मला म्हणाली, “दादा, मी सुरात आहे की नाही तेच कळत नाहीये.” मी त्याला आवाज कमी कर म्हटलं, तर साहेब म्हणाले, “अरे, तुम्ही दिसताय ना छान? मग झालं तर.”

शो झाला. पुढे व्हिडिओ आला. त्यात एका ठिकाणी आम्ही बो (व्हायोलिनचा गज) मांडीवर ठेवून बोटांनी तारा छेडतोय, आणि आवाज येतोय बो तारांवरून ओढल्याचा, लांबलचक, गुळगुळीत. दुसऱ्या शॉटमध्ये मी चक्क पान उलटतोय आणि व्हायोलिन जोरात चालूच! कीबोर्डचा पॅड होता तो, म्हणजे कीबोर्डवरून धरून ठेवलेला व्हायोलिनसारखा नकली सूर. आमचे माइक मिक्समध्ये घेतलेच नव्हते. मित्राचं उत्तर तयार होतं: “सगळेच असं करतात. रॉकमध्ये ऑर्केस्ट्रा म्हणजे मांडवाची झालर.”

सगळे तसं करत नाहीत, आणि पुरावा हीच फिल्म आहे.

तिच्यातली मुख्य रचना ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ म्हणजे बँडच्या जुन्या गाण्यांवर मागाहून पसरलेली व्हायोलिनं नव्हेत. बँडचा कीबोर्डवाला जॉन लॉर्ड याने ती रचना मुळातच दोघांसाठी लिहिली. पहिल्या भागात बँड आणि ऑर्केस्ट्रा एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि त्याआधी कित्येक मिनिटं एकटा ऑर्केस्ट्रा वाजतो. बँड नुसता बसून असतो! आमच्या मित्राला तेवढा वेळ गप्प बसवून दाखवा. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा रॉयल फिलहार्मोनिकच्या वादकांपैकी काहींनी नाकं मुरडली होती. कंडक्टर माल्कम अरनॉल्ड मात्र ठाम उभा राहिला. १९७० मध्ये त्या रचनेचा स्कोअरच हरवला. सगळ्या वाद्यांचे पार्ट ज्यावरून निघतात तो कागदच नाही, म्हणजे खेळ खलास. तीसेक वर्षांनी मार्को दे खूय नावाच्या डच संगीतकाराने रेकॉर्डिंग ऐकून आणि जुनं चित्रीकरण बघून तो पुन्हा उतरवून काढला. ओबो काय वाजवतोय, व्हायोला काय धरून बसलाय, सगळं कानाने. ज्याने कधी चार ओळींचं नोटेशन ऐकून लिहिलंय त्याला यातली मेहनत कळेल. त्यावर लॉर्ड आणि कंडक्टर पॉल मान यांनी हात फिरवला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये सलग दोन रात्री लंडन सिम्फनीने ते वाजवलं. तुम्ही विचारताय ती फिल्म तिथलीच.

उलट टोक बघायचं तर तोंडं रंगवून वाजवणाऱ्या किस या अमेरिकन बँडची २००३ ची मेलबर्नची फिल्म घ्या. अख्ख्या सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या तोंडाला बँडसारखाच रंग फासलाय. मजा येते, नाही म्हणत नाही. पण झालर म्हणतात ती हीच.

आता ब्लॅकमोर. बँड १९७६ ला फुटला, १९८४ ला तेच जुने पाच जण एकत्र आले, १९९३ ला ब्लॅकमोर पुन्हा बाहेर पडला. १९९९ च्या स्टेजवर १९६९ चे पाचपैकी चार जण आहेत. १९९५ ला पर्पल मुंबईत आले तेव्हाही गिटार स्टीव्ह मोर्सच्याच हातात होती, आणि तो शो पाहिलेले लोक आजही कॉलर ताठ करूनच सांगतात. शिवाय ब्लॅकमोरला हे ऑर्केस्ट्राचं प्रकरण फारसं रुचलंच नव्हतं. १९७० चा ‘इन रॉक’ हा पर्पलचा अल्बम ऐका, म्हणजे त्याला काय हवं होतं ते कळेल. मोर्स मुकाट्याने कंडक्टरकडे बघून वाजवतो. माझ्या मते या रचनेला तोच गिटारवाला बरा. ब्लॅकमोरभक्तांनी खुशाल शिव्या घालाव्यात.

एक मान्य करायला हवं: पुण्यातल्या शोसारख्या बजेटमध्ये प्रत्येक व्हायोलिनला वेगळा पिकअप (वाद्यावरच बसवलेला छोटा माइक), ड्रमचा आवाज अडवायला भोवती अ‍ॅक्रिलिकची भिंत, हे परवडत नाही. स्टेजवर दहा मीटर लांब बसलेल्या माणसापर्यंत ड्रमचा आवाज साधारण तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे कानावर विसंबलात तर मागे पडता. नजर कंडक्टरच्या काठीवरच लागते. आमच्याकडे कंडक्टरही नव्हता. पण अ‍ॅम्प तिरका करायला पैसे लागत नाहीत.

आणि हो, फिल्मच्या सुरुवातीला बँडमधल्या एकेकाची स्वतंत्र गाणी आहेत. गायक रॉनी जेम्स डिओ येतो तेवढी ऐका, बाकीची पुढे ढकललीत तरी चालेल. १९६९ चं चित्रीकरण त्यानंतर बघा. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीही बघू नका, चेलो ऐकूच येणार नाहीत.