जुन्या ओम्नीचं स्टेअरिंग सैल लागतं, दोनदा अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते. चूक माझ्या चालवण्याची आहे का? गाडी विकू का?

तुमचा प्रश्न वाचला आणि पोळ्यांची कणीक तशीच झाकून लिहायला बसले. २००९ ची ओम्नी, स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही, गाडी डावीकडे जाते, अलाइनमेंटचे पैसे दोनदा गेले आणि आता मेकॅनिक म्हणतोय तुमची धरायची पद्धत चुकते. हे शेवटचं लिहिलं नसतंत तर मी पुढे गेले असते.

नाही, चूक तुमच्या हाताची नाही. सैल स्टेअरिंग अलाइनमेंटने घट्ट होत नाही. बिजागरी निखळलेल्या दाराला कडी कितीही सरळ बसवा, दार लोंबायचं ते लोंबणारच. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन लावणं. जोडातच खेळ, म्हणजे सैल मोकळी चाल, असेल तर मशीनवर लावलेला कोन पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतो.

आता माझं ऐका. सिडकोत माझं डब्यांचं काम आहे, अंबड एमआयडीसीत दुपारचे डबे जातात. आधी रिक्षा लावायचो. २०१४ मध्ये २००८ ची ओम्नी घेतली, मागची सीट काढून फळ्या ठोकल्या आणि मी स्वतः चालवायला लागले. गाडी धाकट्या दिरांनी बघून दिलेली. म्हणजे त्या गाडीत दोष असणं शक्यच नव्हतं, हे आधी लक्षात घ्या.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर सरळ रस्त्यालाही स्टेअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवावं लागायला लागलं. खड्ड्यातून गेलं की पायाखाली ‘टक’ व्हायचं. ओम्नीत आपण जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेलो असतो, त्यामुळे चाकाचं दुखणं आधी तळपायाला कळतं. ब्रेक मारला की ताकाच्या पिशव्यांचा क्रेट उजव्या दाराला जाऊन आपटायचा. पुढे यायला हवा ना? तर नाही, तिरका उजवीकडेच. हे मी घरात सांगितलं तेव्हा सगळे हसले.

पाच महिन्यांत तीनदा अलाइनमेंट केलं. दर वेळी मशीनमधून कागद निघायचा, सगळे आकडे हिरवे. आणि दर वेळी आठ दिवसांत गाडी पुन्हा तशीच. तिसऱ्या वेळी त्या वर्कशॉपवाल्याने, नाव घेत नाही, ‘ताई, रॅक सैल झालाय, कसून देतो’ म्हणून रॅकचा, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या दातेरी दांड्याचा, स्क्रू आवळला. स्टेअरिंग दगड झालं. मला वाटलं, चला, सैल होतं ते घट्ट झालं. दुसऱ्याच दिवशी गरवारे पॉइंटवरून अंबडकडे वळले. वळण संपलं, नेहमीसारखे हात जरा सैल सोडले, तर स्टेअरिंग परत येईचना. गाडी वळतच राहिली. ओढून सरळ केली तेव्हा दुभाजक हातभर राहिला होता. मागे एकशे दहा डबे आणि पुढे मी.

म्हणून सांगते, खेळ कुठे आहे ते न बघता जो पहिल्यांदा रॅक आवळायला जातो त्याच्याकडे गाडी ठेवू नका. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत आलंच पाहिजे.

त्या रात्री जेवताना दीर म्हणाले, ‘वहिनी, ओम्नीला हात लागतो. तुम्ही ती स्कूटीसारखी धरता.’ हे ताटात बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, पुन्हा रिक्षा लावा. मी काही बोलले नाही, पण वरणात मीठ कमी आहे हे सांगायचं कुणाचं धाडस झालं नाही.

पंचवटीत, दिंडोरी रोडच्या आतल्या गल्लीत एक म्हातारे मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. आयुष्य मॅटाडोर आणि टेम्पोत गेलेलं. मशीन नाही, कागद नाही. त्यांनी आधी चारही टायरची हवा बघितली. डावा पुढचा सहा पौंडांनी कमी निघाला. तीनदा कोन मोजले, हवा एकदाही कुणी बघितली नव्हती! मग त्यांनी पुढच्या टायरवरून आडवा हात फिरवला, बाहेरून आत, मग आतून बाहेर. मला म्हणाले, तुम्ही फिरवा. एका बाजूने गुळगुळीत, उलट्या बाजूने करवत. हे दात ‘टो’चे, म्हणजे दोन चाकांची तोंडं आत किंवा बाहेर जास्त वळलेली.

मग मला स्टेअरिंगवर बसवलं. गाडी जमिनीवरच, इंजिन बंद. ‘फक्त एवढंच हलवा, डावी-उजवी, चाक वळेल इतकं नको.’ आणि स्वतः खाली गोणपाटावर आडवे. दोन मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, आता मी हलवतो, तुम्ही खाली या. साडी नव्हती नेसलेली म्हणून बरं. त्यांनी सांगितलं तिथे, डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅककडून येणारा रॉड चाकाला जोडणाऱ्या जोडावर, तळवा ठेवला. वरून स्टेअरिंग हललं आणि तळव्याला टक लागलं. आवाज असा नाही, नखाने बांगडीवर टिचकी मारावी तेवढंच. रॉड हलला आणि पुढचा दांडा क्षणभर उशिरा हलला. रबराचा बूट फाटलेला, ग्रीसच्या जागी चिखल. उजवीकडे हात ठेवला तर दोन्ही एकदम हलत होते.

काढल्यावर त्यांनी जुना एंड माझ्या हातात दिला. चांगला असेल तर त्याचा दांडा अंगठ्याने जोर लावून फिरवावा लागतो. हा दारू प्यायलेल्या माणसाच्या मानेसारखा नुसता लोंबत होता.

त्याच बाजूच्या लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, रबरी बुशही फाटलेला निघाला. ताकाच्या क्रेटचं कोडं तिथे सुटलं. ब्रेक लागला की ते चाक बुश दाबून बोटभर मागे सरकायचं, त्याचा कोन बदलायचा, गाडी डावीकडे आणि मागचा क्रेट उजवीकडे. उभ्या गाडीवर, मशीनच्या पाट्यावर, ब्रेक न मारता हे कसं दिसणार? त्या हिरव्या आकड्यांत खोटं काहीच नव्हतं, फक्त ते उभ्या गाडीचे होते.

दोन्ही बाजूंचे एंड बदलले, डावा-उजवा बुश बदलला, रॅकचा स्क्रू होता तिथे परत आणला. त्यानंतर चाचांनी स्वतःच सांगितलं की आता अलाइनमेंट करा, एंड बदलल्यावर करावंच लागतं. ते चौथं अलाइनमेंट. पुढे दोन वर्षं टायरला दात आले नाहीत. दीर एकदा गाडी चालवून आले आणि म्हणाले, ‘आता रस्ताच चांगला केलाय ना.’ रस्ता तोच होता. खड्डेसुद्धा तेच होते, मला पाठ आहेत.

तुमच्यासाठी म्हणून: हवा, मग खेळ, मग अलाइनमेंट, मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. हा क्रम उलटा करणाऱ्याला पैसे देऊ नका. ओम्नीला पॉवर स्टेअरिंग नाही, साधा रॅक आहे. स्टेअरिंगच्या कडेवर मोजून साधारण ३० मिमीपर्यंत मोकळी चाल असली तर चालतं, तुमची त्याच्या दुपटीपेक्षा जास्त दिसते. खेळ एकाच जागी असतो असंही नाही. वरून सुरू करा: स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा जोड, रॅक ज्या रबरांवर बसतो ती रबरं, मग एंड, मग लोअर आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा जोड. चाक उचलून घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं आणि खेळ लागला तर रॅक किंवा एंड. बारा आणि सहाच्या जागी लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. तेव्हा कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका, बाजूला बसून हलवा. चाचा आणि मी खाली गेलो तेव्हा चारही चाकं जमिनीवर होती आणि मागे विटा लावलेल्या होत्या, हे आधीच सांगायला हवं होतं.

ओम्नीत पुढच्या चाकांचा फक्त टो बदलता येतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (त्याच्या वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे कल) फिरवायला कंपनीने नटच दिलेला नाही. ‘कॅम्बर ॲडजस्ट केला’ म्हणून बिलात वेगळी ओळ दिसली तर विचारा, कुठल्या नटाने केलात.

मागच्या पाट्यांकडे, म्हणजे मागचा ॲक्सल धरणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांकडे, कुणी बघत नाही. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजा, स्टेअरिंग सरळ ठेवून. कंपनीचं माप १८४० मिमी. माप सोडा, दोन्ही बाजू सारख्या भरल्या पाहिजेत. डावी बाजू कमी भरली तर पाट्याचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल सरकलाय किंवा पुढचा बुश गेलाय, आणि ते पुढच्या अलाइनमेंटने जन्मात सुटणार नाही.

आता तुमच्या मेकॅनिकची बाजूही घेते, थोडीशी. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडून चालताना कुठलीही गाडी किंचित डावीकडे झुकते. मोकळ्या सपाट मैदानात बघा. पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा, बाकी सगळं सोडा. तुम्ही लिहिलंय ६० ला थरथरतं आणि ८० ला कमी होतं, ते बहुतेक बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम, सैलपणा वेगळा. आणि आठशे किलोच्या आसपासची एवढी उंच डबी उड्डाणपुलावर वाऱ्याने हलणारच, ती नवी असतानाही हलायची. तेवढ्यापुरता हात लागतो, हे खरं. दिरांना सांगू नका.

विकू का, हे राहिलंच. नाशिकचेच आहात म्हणता, तर पंधरा वर्षं उलटल्यावर पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घेतली असेलच. ओम्नी २०१९ पासून बनत नाही, पण हे सुटे भाग अजून सहज मिळतात. बुश आणि एंडसाठी गाडी विकू नका. लोअर आर्म जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा मात्र स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर विका, भंगारातच, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारू नका. आमची २०२१ मध्ये तशीच गेली. आता ईको आहे.

जुना टाय रॉड एंड अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मिसळणाच्या डब्याशेजारी. गेल्या रविवारी दीर आले होते. त्यांची नवीकोरी मोठी गाडी दारात उभी होती, सहज डाव्या पुढच्या टायरवरून हात फिरवला. करवत. अजून बोलले नाहीये. या रविवारी सगळे जेवायला आहेत, तेव्हा विचारीन, भाऊजी, स्टेअरिंग नीट धरता ना?