नागपुरात नववीतल्या मुलाची शाळा सकाळी ७ ला भरते, तो उठता उठत नाही. हा आळस आहे का?

नाही, हा आळस नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा धावू लागतं. झोप आणणारं मेलाटोनिन या वयात एक-दोन तास उशिरा स्रवतं, त्यामुळे ११ च्या आधी डोळा लागत नाही, आणि झोप तर ८ ते १० तासांची हवी. ऑटो सव्वासहाला दारात असेल तर हिशेब जुळणार कसा? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलना तसा कायदाच आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने ९ ची वेळ दिली, पण ती चौथीपर्यंतच. नववी-दहावीची मुलं त्यात नाहीतच, हे मला फार खटकतं. एक मात्र आहे: एप्रिलात पारा चाळिशीपार गेला की सकाळचीच शाळा बरी, भर दुपारच्या उन्हात पोरं घरी कशी पाठवायची? तेवढे दिवस रात्री मोबाइल लवकर काढून घ्या, दुपारी अर्धा तास झोपू द्या. सकाळी त्याच्यावर ओरडू नका.