वीजव्यवस्थेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

औद्योगिक देशांच्या वीजव्यवस्थेवर संशोधन करायचे आहे, पण भविष्य सौरऊर्जेचे, वाऱ्याचे की अणुऊर्जेचे हे ठरत नसल्याने विषय निवडता येत नाही, असे तू लिहिले आहेस. माझे मत विचारशील तर यांपैकी कोणाचीही बाजू न घेता तू ग्रिडचा, म्हणजे केंद्रांतली वीज ग्राहकांपर्यंत नेणाऱ्या जाळ्याचा, अभ्यास करावास. पुढच्या तीस-चाळीस वर्षांतले अवघड प्रश्न तिथेच आहेत.

इंधनाच्या बाबतीत देशांनी किती वेगवेगळ्या वाटा धरल्या ते पाहा. लंडनमध्ये १८८२ साली कोळशावरचे सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचे कोळसाकेंद्र बंद झाल्यावर ब्रिटनमधली कोळशावरची वीजनिर्मिती संपली. डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. फ्रान्सने १९७४ नंतर अणुऊर्जेवर भर दिला, तर जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या (कोळसा चालू ठेवून त्या आधी बंद करणे हा मला उलटा क्रम वाटतो, पण तो वाद निराळा). एवढे असूनही या साऱ्यांपुढच्या अडचणी बऱ्याच अंशी सारख्या आहेत.

औष्णिक, जल किंवा अणुकेंद्रातले अवजड रोटर (जनित्राचे फिरणारे भाग) ग्रिडच्या वारंवारतेशी, म्हणजे प्रत्यावर्ती विजेच्या दर सेकंदाच्या आवर्तनांशी, जखडलेले असतात, आणि एखादे केंद्र ग्रिडपासून अचानक तुटले तर त्यांच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा पहिले काही सेकंद वारंवारता सावरून धरते; यालाच जडत्व म्हणतात. सौर पॅनेल इन्व्हर्टरमार्फत (एकदिश विजेची प्रत्यावर्ती वीज करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणामार्फत) जोडलेले असल्याने त्यांच्याकडून हा आधार आपोआप मिळत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळाने पारेषण मनोरे पाडले, व्होल्टेज पुन्हा पुन्हा खचले, असे धक्के संरक्षक सेटिंगमधल्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्यावर अनेक पवनचक्क्यांनी उत्पादन घटवले, तुटीचा सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर पडून ती आपोआप बंद पडली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. वारा त्या दिवशी कमी नव्हता. कमी पडले ते आज्ञावलीतले काही आकडे. पुढच्याच वर्षी तिथे १०० मेगावॉटची बॅटरी बसली आणि नंतर वीजनिर्मिती न करता केवळ ग्रिडला आधार देण्यासाठी फिरणारे सिंक्रोनस कंडेन्सरही आले.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ रोजी वीज गेली तेव्हाही पहिल्याच दिवशी अनेकांनी जडत्वाच्या अभावाला दोष दिला. चौकशीत पुढे आले ते वेगळेच: व्होल्टेज अनियंत्रितपणे वाढत गेले आणि त्यामुळे एकामागून एक केंद्रे ग्रिडपासून सुटत गेली. व्होल्टेज आवरण्याची जबाबदारी कोणत्या केंद्राने, किती आणि कोणत्या नियमाने उचलायची, हा यातला खरा प्रश्न आहे, आणि तो पारंपरिक केंद्रांनाही तितकाच लागू होतो.

साठवणुकीकडे पाहताना तास आणि आठवडे यांत गल्लत करू नकोस. दुपारचे ऊन संध्याकाळपर्यंत पुरवणे बॅटऱ्यांना जमू लागले आहे. कॅलिफोर्नियात ते रोज दिसते. उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात वारा आणि ऊन दोन्ही आठवडाभर रोडावतात, तेव्हा मात्र नॉर्वेच्या जलाशयांसारखे साठे, अणुकेंद्रे किंवा राखीव गॅसकेंद्रे लागतात. वर्षाकाठी मोजकेच तास चालणाऱ्या केंद्राचा खर्च कोणी सोसायचा, याचे समाधानकारक उत्तर विकलेल्या युनिटमागे पैसे देणाऱ्या बाजारात मिळत नाही, म्हणून अभियांत्रिकीसोबत थोडे अर्थशास्त्रही वाचावे लागेल. वाहिन्या उभारण्यातली दिरंगाई तर बहुतांशी परवानग्यांची आणि स्थानिक विरोधाची असते. तिथे गणिताचा उपयोग फारसा होत नाही.

तूर्त दोन्ही घटनांचे अधिकृत चौकशी अहवाल मिळव आणि त्यांतला घटनाक्रम सेकंदासेकंदाने कागदावर मांड. कोणते एक सेटिंग बदलले असते तर साखळी तुटली असती, याविषयीचा तुझा तर्क आकडेमोडीसह मला लिहून पाठव; विषयाची निवड आपण त्यावरून करू.

तुझा हितचिंतक